बौद्ध धर्माच्या ऐच्छिक विषयाला या मॅडम कशा आहेत? प्रत्यक्ष शिकलेल्यांचे मत हवे आहे

काठावरची :

पुढच्या सत्रासाठी मला एक ऐच्छिक विषय निवडायचा आहे आणि धर्म-अध्ययन विभागाच्या यादीतला बौद्ध धर्माचा विषय माझ्या मनात भरला आहे. अडचण विषयाची नाही, तो शिकवणाऱ्या मॅडमविषयी कानावर येणाऱ्या मतांची आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या मते महाविद्यालयातल्या तीन वर्षांत इतके चांगले तास तिला दुसरे मिळालेच नाहीत. तिच्याच वर्गातला एक जण सांगतो की पहिले दोन आठवडे उलटले तरी बुद्धाचा काळ नेमका कोणता एवढेसुद्धा मॅडमनी सांगितले नव्हते. कोणी म्हणते, तिथे श्रद्धेची चिरफाड होते. कोणी म्हणते, मॅडम स्वतःच बौद्ध आहेत आणि विषयाच्या आडून प्रचार करतात. ही दोन्ही विधाने एकाच व्यक्तीबद्दल खरी असणे मला कठीण वाटते, म्हणून ज्यांनी हा विषय स्वतः घेतला आहे त्यांनीच लिहावे, अशी विनंती आहे.

माझा मुख्य विषय संख्याशास्त्र आहे. पाली मुळीच येत नाही, संस्कृत शाळेत होते तेवढेच. वाचनाचे ओझे किती असते, निबंध कसे तपासले जातात, आणि गुणपत्रिकेपलीकडे खरोखर काही हाती लागते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मॅडमचे आणि महाविद्यालयाचे नाव कृपया कोणीही लिहू नये. ज्यांना ओळखायचे आहे ते वर्णनावरून ओळखतीलच.

मागचा बाक :

मी हा विषय गेल्या वर्षी पूर्ण केला आणि माझे मत चांगले आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला त्यातून हवे तेवढे वजा करता येईल.

काळ सांगितला नाही, ही तक्रार खरी आहे, पण अर्धवट आहे. पहिल्या तासाला मॅडम वर्गात आल्या, फळ्यावर २१८ आणि १०० असे दोनच आकडे लिहिले, आम्हाला वह्यांत उतरवून घेऊ दिले आणि पाच मिनिटांनी पुसून टाकले. मग सावकाश उलगडा सुरू झाला. श्रीलंकेतल्या वंशग्रंथांच्या मते बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा राज्याभिषेक झाला, तर उत्तरेकडच्या परंपरेत हेच अंतर १०० वर्षांचे मानले आहे. अशोकाचा काळ तरी कशावरून ठरतो, तर त्याच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमय, अंतेकिन, मग आणि अलिकसुंदर अशा पाच यवन राजांची नावे आहेत आणि त्यांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांवरून माहीत आहेत. राज्याभिषेक इ. स. पू. २६८ च्या सुमाराचा धरला, तर पहिल्या आकड्याने महापरिनिर्वाण इ. स. पू. ४८६ च्या आसपास येते आणि दुसऱ्याने ३६८ च्या आसपास. शिवाय थेरवादी, म्हणजे पाली परंपरा मानणाऱ्या श्रीलंकेसारख्या, देशांत इ. स. पू. ५४४ हे साल रूढ आहे, आणि १९५६ मध्ये २५०० वे वर्ष साजरे झाले ते त्याच हिशेबाने. यातले कोणते अंतर धरायचे आणि का, यावर आम्हाला एक पानभर लिहायचे होते. वर्गातल्या काही जणांनी त्याच आठवड्यात विषय बदलून घेतला. तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात, तुम्हाला कदाचित हाच भाग सर्वांत जास्त आवडेल.

आता पालीविषयी. व्याकरण शिकावे लागत नाही, सगळे वाचन भाषांतरातून असते. तरीही मराठी माणसाची इथे एक वेगळीच फजिती होते, कारण त्याला वाटते की शब्द तर सगळे ओळखीचेच आहेत. माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या चाचणीत ‘पाच स्कंध आपल्या शब्दांत स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न होता. स्कंध म्हणजे माणूस ज्यांचा मिळून बनतो असे मानले आहे ते घटक. तयारी केलेली नव्हती, पण रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान ही नावे पाठ होती आणि मराठी तर जन्मापासूनची. मी रूपाखाली सौंदर्याविषयी लिहिले, वेदनेखाली शारीरिक दुखण्याविषयी, संज्ञेखाली पारिभाषिक शब्दांविषयी, संस्कारांखाली आईवडिलांनी लावलेल्या वळणाविषयी. आणि विज्ञानापाशी आल्यावर मला फारच जोर चढला, म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी विज्ञानाला माणसाच्या घडणीत स्थान देणारा हा धर्म किती आधुनिक आहे, असा एक परिच्छेदही जोडला. दहापैकी एक गुण मिळाला. समासात पेन्सिलीने लिहिले होते : ‘क्रम बरोबर आहे, त्याचा एक. पाचही शब्द मराठीत वाचलेत, आता पालीत वाचा.’

तो कागद मी अजून ठेवला आहे. पालीतले रूप म्हणजे शरीर आणि एकूणच भौतिक बाजू. वेदना म्हणजे अनुभवाची चव, मग ती सुखाची असो, दुःखाची असो किंवा दोन्ही नसलेली असो. संज्ञा म्हणजे समोरची वस्तू ओळखणे. संस्कार म्हणजे इच्छा, हेतू, सवयी यांसारखे मनाचे घडवणारे व्यापार. आणि विज्ञान म्हणजे डोळा, कान, मन यांना त्यांच्या विषयाची होणारी जाणीव. प्रयोगशाळेशी त्याचा काहीही संबंध नाही. पुढे ब्रह्मविहार, म्हणजे मनात जोपासायच्या चार वृत्ती, शिकताना मेत्ता, करुणा आणि मुदिता यांच्यानंतर चौथी उपेक्षा आली, तेव्हा एका मुलीने अगदी प्रामाणिकपणे विचारले की उपेक्षा करणे हा सद्गुण कसा काय असू शकतो. मॅडम हसल्या नाहीत. पालीतल्या उपेक्षेचा अर्थ आवड-नावडीने न ढळणारे समत्व असा आहे आणि मराठीत येईपर्यंत त्याच शब्दाची हेळसांड झाली आहे, एवढेच त्या म्हणाल्या. सत्राच्या शेवटी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर अशा साठेक शब्दांची यादी झाली होती. पाली येत नसल्याने अडत नाही. आपल्याला मराठी येते म्हणजे हे सगळे आधीच कळलेले आहे, असे वाटल्याने मात्र फार अडते.

वाचन आठवड्याला एक सुत्त, म्हणजे बुद्धाच्या नावावरचे एक प्रवचन, आणि त्यावरचे एखादे प्रकरण, मिळून तीस-चाळीस पाने. निबंध दोन. तपासताना मॅडम ‘बुद्ध म्हणतात’ हे दोन शब्द दिसले की त्यांखाली रेघ मारतात आणि बाजूला ‘कुठे? कोणाला?’ असे लिहितात. सुरुवातीला राग येतो. पण कालाम सुत्ताच्या तासानंतर माझा राग गेला. बुद्धाने फक्त स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवायला सांगितले, असे आपण सगळे बिनदिक्कत म्हणतो आणि पुरावा म्हणून याच सुत्ताकडे बोट दाखवतो. मूळ मजकूर वाचला तर ऐकीव गोष्ट, परंपरा आणि ग्रंथ यांच्याच यादीत तर्कही आहे, म्हणजे नुसता तर्क पटला एवढ्यावरूनही मान्य करू नका असे तिथे म्हटले आहे. कसोटी वेगळीच आहे, अमुक गोष्ट अंगीकारल्यावर अहित होते की हित, हे स्वतः जाणणे, आणि जाणत्या लोकांनी निंदिलेले काय, हेही पाहणे. बारा-तेरा जणांच्या वर्गात हे आधी कोणीही वाचलेले नव्हते आणि ते वाक्य मात्र आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी कोणाला तरी ऐकवले होते.

प्रचाराचे म्हणाल तर, त्या बौद्ध आहेत की नाहीत हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटच्या तासाला एकाने सरळ विचारले. उत्तर असे मिळाले : ‘निबंध वाचून तुमची श्रद्धा कोणती हे मला कळले नाही, तर मी तो निबंध चांगला समजते. तोच नियम मलाही लावा.’

रोहिणीकाठ :

वरचे उत्तर प्रामाणिक आहे, तरी त्यातल्या शेवटच्या वाक्यावर मला थोडे लिहायचे आहे, कारण ते वाक्य सगळ्यांना सारख्याच किमतीत मिळत नाही.

मी बौद्ध घरातला आहे. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आमच्या घरी मी वाचायला शिकण्याच्या आधीपासून आहे. म्हणून या वर्गात जाताना मला एकच धास्ती होती, की इथे कोणीतरी पाली ग्रंथ समोर ठेवून सांगणार, तुमच्या पुस्तकातले हे असे नाही, ते तसे नाही, आणि मी तिथे एकटा बसून ऐकून घेणार.

चौथ्या आठवड्यात तो तास आलाच. विषय होता, सिद्धार्थाने घर का सोडले. मॅडमनी एकाच कागदावर चार उतारे छापून दिले होते. पहिला मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या अरियपरियेसन सुत्तातला. त्यात ना रथ आहे, ना सारथी, ना मध्यरात्र. तारुण्यात, केस काळेभोर असताना, आईवडिलांची इच्छा नसताना आणि ते डोळ्यांत आसवे आणून रडत असताना मी केस-दाढी उतरवली आणि घराबाहेर पडलो, एवढेच बुद्ध स्वतः सांगतात. दुसरा उतारा अश्वघोषाच्या बुद्धचरितातला, म्हणजे सर्वांना पाठ असलेली म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी यांची कथा, आणि तिच्याखाली एक टीप, की पाली सुत्तांत चार दृश्यांची ही कथा दीघ निकायातल्या महापदान सुत्तात येते आणि तिथे ती गौतमाची नव्हे, तर एक्क्याण्णव कल्पांपूर्वीच्या विपस्सी बुद्धाची आहे. तिसरा सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तातला, जिथे आटत चाललेल्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मला भय वाटले, असे शब्द आहेत. धर्मानंद कोसंबींनी गृहत्यागाच्या संदर्भात याच गाथांकडे लक्ष वेधले होते, हेही मॅडमनी सांगितले. आणि चौथा उतारा बाबासाहेबांचा : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यातला तंटा, संघाने युद्धाचा केलेला ठराव, आणि त्याला विरोध करणारा सिद्धार्थ.

मी वाट पाहत होतो की आता चौथ्यावर काट मारली जाणार. तसे झाले नाही. मॅडमनी आधी आम्हाला बाबासाहेबांची प्रस्तावना वाचायला लावली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत एकही म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिला नव्हता हे कसे शक्य आहे, असा प्रश्न तिथे विचारलेला आहे. मग त्यांनी सांगितले की रोहिणीच्या पाण्याचे भांडण जुन्या अट्ठकथांतही, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या टीकांतही, आहे, पण तिथे ते बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहे आणि बुद्ध येऊन ते मिटवतात. बाबासाहेबांनी ते आधी आणले, आणि आणले ते उघडपणे, कारण देऊन. आमच्यासाठी प्रश्न असा होता : या चौघांपैकी प्रत्येकाला दुःख कुठे दिसते? अश्वघोषाला ते म्हातारपणात आणि मरणात दिसते; अत्तदंड सुत्ताला माणसांच्या हातांतल्या दंडात; बाबासाहेबांना माणसाने माणसाशी चालवलेल्या व्यवहारात. मी घरी गेलो आणि आमची प्रत पुन्हा पहिल्या पानापासून काढली. लहानपणापासून मी ती चरित्र म्हणून वाचत होतो, त्या दिवशी ती मला वादविवाद म्हणून वाचता आली, आणि माझा आदर कमी न होता वाढला. ‘श्रद्धेची चिरफाड’ हा शब्द ज्याने वापरला असेल, तो त्या दिवशी गैरहजर असावा.

आता दुसरी बाजू. सगळ्या सत्रात नवयानाच्या, म्हणजे बाबासाहेबांनी मांडलेल्या बौद्ध धर्माच्या, वाट्याला वेगळा असा एकच तास आला, तोही तेराव्या आठवड्यात. १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर, बावीस प्रतिज्ञा, आत्मा आणि पुनर्जन्म यांविषयीची बाबासाहेबांची भूमिका, भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष असावा की समाजसेवक, हा त्यांचा प्रश्न, एवढे सगळे त्या एका तासात. त्या तासाला मागून कोणीतरी म्हणाले, ‘हा धर्म नाही, हे राजकारण आहे.’ मॅडमनी विचारले, ‘कोणत्या मजकुरावरून?’ उत्तर आले नाही आणि तास पुढे गेला. वरच्या लेखकाला हे बहुधा आदर्श अध्यापन वाटेल. मला तेव्हा तसे वाटले नाही. त्या वर्गात ते वाक्य ज्याला लागले असा बहुधा मी एकटाच होतो, आणि त्यावर पुराव्याची मागणी करण्यापलीकडे काहीतरी बोलायला हवे होते. मी नंतर त्यांना भेटून हे सांगितले. त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतले आणि म्हणाल्या की मी त्याला गप्प केले असते, तर तो तेच मत घेऊन बाहेर गेला असता. ते मला अजून पटलेले नाही. तरी विषय घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. तुम्ही बौद्ध घरातल्या असाल तर मनाची थोडी तयारी ठेवून जा, आणि नसाल तर वर्गात बोलताना शेजारी कोण बसले आहे याचा जरा विचार करा, इतकेच.

ब श्रेणी :

सगळ्यांनीच कौतुक करायचे ठरवलेले दिसते, म्हणून उलट बाजूने लिहितो. मीही शेवटपर्यंत बसलो होतो. श्रेणी माझ्या नावातच आहे, त्यामुळे द्वेषाने लिहितो असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे.

मी ध्यानासाठी गेलो होतो. माहितीपत्रकात सतिपट्ठान या ध्यानावरच्या सुत्ताचे नाव होते, मला वाटले काही तास तरी डोळे मिटून बसवतील. पंधरा आठवड्यांत एक मिनिटही बसवले नाही. काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी चार स्थाने फळ्यावर आली आणि त्यांवर चर्चा झाली, संपले. विचारले तर उत्तर मिळाले की बसण्याला गुण देता येत नाहीत आणि गुण न देता बसवले तर तो वर्ग राहत नाही. मग वर आणखी एक तास असा, की गृहस्थांनी मोठ्या संख्येने विपश्यनेला बसणे ही गोष्ट फारशी जुनी नाही. १८८५ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशाचे राज्य ब्रिटिशांकडे गेले, राजाश्रय संपला, धर्म टिकवायचा तर तो घरोघरी न्यायला हवा असे लेडी सयाडो यांच्यासारख्या भिक्षूंना वाटले आणि त्यातून ही लाट उठली. त्याआधीच्या शतकांत बहुसंख्य बौद्ध लोक, आणि पुष्कळसे भिक्षूसुद्धा, दान, शील, पठण आणि पूजा यांतच धर्म पाळत होते. मान्य करतो, हा तास मी विसरलेलो नाही. पण जो विद्यार्थी ध्यान शिकायला आला आहे त्याला ध्यान न शिकवता ध्यानाचा इतिहास सांगणे, याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

खरी तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्याबद्दल वर कोणीच लिहिलेले नाही. पहिला निबंध तपासून परत मिळाला तो दुसरा देऊन झाल्यावर. पहिल्यात ज्या चुका केल्या त्याच दुसऱ्यात केल्या आणि दोन्हीकडे गुण गेले. समासातले शेरे कितीही मार्मिक असले, तरी वेळ गेल्यावर ते काय कामाचे?

शिवाय आठवड्यांची वाटणी पाहा. पाली सुत्तांना आठ आठवडे, अशोक आणि लेण्यांतले दानलेख यांना दोन, आणि भारतातल्या महायानापासून तिबेट, चीन, जपानपर्यंत सगळे मिळून तीन. महायानी तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेत सत्तावीस प्रकरणे आहेत, आम्ही पहिले आणि चोविसावे वाचले. प्रज्ञापारमिताहृदय हे महायानाचे छोटे सूत्र चाळीस मिनिटांत उरकले. म्हणजे जे पाच स्कंध तीन आठवडे घासून घेतले, ते मुळात नाहीतच असे म्हणणाऱ्या सूत्राला चाळीस मिनिटे! कुमारजीव नावाचा माणूस मध्य आशियातून चीनमध्ये येतो काय, ४०६ साली सद्धर्मपुंडरीक या महायान सूत्राचे भाषांतर करतो काय आणि पुढे सगळा पूर्व आशिया तेच वाचतो काय. एवढी मोठी गोष्ट एका परिच्छेदात गेली. या विषयाचे नाव ‘पाली सुत्ते आणि इतर’ असे ठेवले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

मागचा बाक :

निबंध उशिरा मिळाल्याची तक्रार रास्त आहे, मी ती लिहायला हवी होती. आमच्याही वर्षी तेच झाले. वाटणीबद्दलही फारसा वाद घालणार नाही.

फक्त एक दुरुस्ती. स्कंध नाहीतच असे ते सूत्र म्हणत नाही; ते स्वभावाने शून्य आहेत, म्हणजे दुसऱ्या कशावरही अवलंबून नसलेले असे त्यांचे स्वतःचे काही नाही, असे म्हणते. चोविसाव्या प्रकरणात नागार्जुनाने नेमका हाच आक्षेप आधी प्रतिपक्षाच्या तोंडी घातला आहे : सगळे शून्य असेल तर चार आर्यसत्येही गेली. आणि उत्तर असे दिले आहे की शून्यता म्हणजेच प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून घडणे, त्यामुळे शून्यता नाकारली तरच दुःखाची उत्पत्ती आणि निरोध दोन्ही अशक्य होतात. वाचलेल्या दोन प्रकरणांपैकी हे एक होते.

ब श्रेणी :

श्रेणी ब का मिळाली ते आता सगळ्यांना कळले. सोडून द्या.

खडूची धूळ :

मी या महाविद्यालयातला नाही. दुसरीकडे वेगळ्या धर्माचा इतिहास शिकवतो, म्हणून एका मुद्द्यापुरतेच लिहितो.

विहारात किंवा ध्यानकेंद्रात शिकवणारा आणि विद्यापीठात शिकवणारा, दोघांच्या हातात कधी कधी एकच सुत्त असते, पण समोर बसलेल्यांशी त्यांचा करार वेगळा असतो. पहिला म्हणतो, हे तुझ्या जगण्यात आण. दुसरा म्हणतो, हे कोणी, कोणासाठी आणि कधी म्हटले ते आधी नीट वाच. पहिल्याची अपेक्षा घेऊन दुसऱ्याकडे गेलेला विद्यार्थी नाराज होतो, आणि तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. बहुतेक वेळा तो करार त्याला कोणी वाचूनच दाखवलेला नसतो. ब श्रेणी यांच्या पहिल्या तक्रारीत मला मॅडमची एवढी चूक नक्की दिसते. माहितीपत्रकात सतिपट्ठानाचे नाव लिहिताना ‘प्रत्यक्ष ध्यान घेतले जाणार नाही’ ही एक ओळ जोडायला काय हरकत होती? मी स्वतः अशी ओळ लिहायला लागलो ती तीन वर्षे बोलणी खाल्ल्यावर.

रोहिणीकाठ यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. वर्गात कोणी असे काही बोलले की थांबवावे की बोलू द्यावे, याचा निर्णय दोन सेकंदांत घ्यावा लागतो आणि मी तो दोन्ही प्रकारे चुकवलेला आहे. मात्र त्यांनी भेटून सांगितले हे चांगले केले. बहुतेक विद्यार्थी ते सत्राअखेरच्या निनावी अभिप्रायात लिहितात, आणि तो आमच्या हाती पडेपर्यंत वर्ग पांगलेला असतो.

काठावरची :

सर्वांचे मनापासून आभार. प्रचार आणि चिरफाड ही दोन मते कुठून निघाली असतील, याचा थोडा अंदाज आता येतो आहे. मी बौद्ध घरातली नाही, त्यामुळे शेजारी कोण बसले आहे याबद्दलची सूचना लक्षात ठेवीन. ध्यानाची अपेक्षा मला नव्हतीच. निबंध उशिरा परत मिळण्याची मात्र धास्ती वाटते, कारण तसे लिखाण मी कधी केलेले नाही. आमच्याकडे उत्तर एक तर येते किंवा येत नाही. यावर काही उपाय आहे का? आणि नाव नोंदवण्याआधी एक-दोन तास नुसते बसून पाहता येतात का?

रोहिणीकाठ :

निबंधाचा उपाय आहे. मुदतीच्या आठवडाभर आधी पहिली दोन पाने घेऊन त्यांच्या खोलीवर जा. तिथे त्या उशीर करत नाहीत, समोर बसवून पेन्सिल चालवतात. माझ्या पहिल्या पानावर पाच ठिकाणी ‘कुठे?’ आले होते. ते भरून काढले आणि निबंध बचावला. हे त्या वर्गात जाहीर करत नाहीत, आणि ही माझी त्यांच्याबद्दलची तिसरी तक्रार समजा.

मागचा बाक :

नुसते बसता येते, पहिले दोन आठवडे त्या हजेरीही घेत नाहीत. फक्त पहिल्या दिवशी उशिरा जाऊ नका. ते दोन आकडे फळ्यावर पाचच मिनिटे असतात.